हिरव्या पडद्याची झाक : चित्रसंमिश्रणातील एका प्रकाशीय प्रश्नाचा विचार

गोंदिया जिल्ह्यात रोवणी आटोपून महिना-दीड महिना लोटला, म्हणजे धानाच्या बांध्या दृष्टी पोहोचेल तेथवर एकसारख्या हिरव्या होतात. त्या बांध्यांतून सारसांची जोडी चरताना दिसते. महाराष्ट्रात हा पक्षी आज प्रामुख्याने याच जिल्ह्यात व त्यास लागून असलेल्या भंडारा जिल्ह्याच्या भागात आढळतो. सारसाचे अंग फिकट करडे असते. डोके व मानेचा वरचा भाग तेवढा तांबडा. आता करडा रंग म्हणजे लाल, हिरवा व निळा हे तिन्ही प्रकाश जवळजवळ सारख्या प्रमाणात परावर्तित करणारा रंग होय. यास्तव धानात उभ्या असलेल्या सारसाचे रंगीत छायाचित्र घेऊन त्यातील मूल्ये मोजली, तर पाठीवर आकाशाची किंचित निळसर छटा आणि पोटाखाली हिरवी झाक मिळावी, हे प्रकाशशास्त्राच्या सामान्य नियमांवरूनच ठरते. पक्ष्याच्या पिसांत हिरवा रंग मुळीच नाही. तो धानाने त्यास उसना दिलेला आहे.

हीच घटना चित्रणगृहात घडली, म्हणजे तिला दोष समजतात. नट अथवा निवेदक हिरव्या पडद्यासमोर उभा करावयाचा, त्याचे चित्रण करावयाचे, आणि मागाहून संगणकाच्या साहाय्याने हिरवा भाग गाळून त्या जागी दुसरे दृश्य बसवावयाचे, ही पद्धत आता सर्वांच्या परिचयाची आहे. एखाद्या खोलीत हिरवे कापड टांगून व दोन दिवे लावून आपले विद्यार्थीही ती सहज वापरतात. परंतु पडदा नाहीसा झाला, तरी पडद्याने नटावर टाकलेला प्रकाश नाहीसा होत नाही. केसांच्या कडेस, कानाच्या पाळीवर, पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर आणि हनुवटीखाली हिरवी झाक राहून जाते, आणि माणूस समुद्रकिनारी उभा असल्याचे दाखविले तरी प्रेक्षकाच्या डोळ्यास काहीतरी खटकत राहते. या झाकेस व्यवसायात ‘स्पिल’ म्हणतात. ती काढावी कशी, आणि ती काढताना आपण नेमके काय करीत असतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. झाकेस डाग समजून तिचा विचार करण्याची चाल पडली आहे; डाग पुसला की खालचा पृष्ठभाग जसाच्या तसा मिळतो, अशी त्यामागील समजूत असते. ही समजूत बरोबर नाही. झाक हा नटावर खरोखरच पडलेला प्रकाश आहे, आणि कॅमेऱ्याने तो इमानाने नोंदविलेला आहे. एका पिक्सेलमध्ये लाल, हिरवे व निळे अशी तीन मूल्ये असतात. त्यांतील हिरव्याचा किती अंश नटाचा स्वतःचा आणि किती पडद्याचा, हे त्या तीन आकड्यांवरून निश्चितपणे कळण्याचा मार्ग नाही. कारण अज्ञात राशी अधिक आहेत आणि समीकरणे कमी. यास्तव झाक काढण्याचा प्रत्येक नियम हा मूळ रंगाविषयीचे एक गृहीत असतो. ते गृहीत जेथे खरे ठरते तेथे नियम काम देतो, आणि जेथे खोटे ठरते तेथे तो माणसाचा खरा रंगच हिरावून घेतो. ज्यांच्या अंगावर हळद, हिरवा चुडा आणि पदराचे गडद रंग असतात, अशा लोकांचे चित्रण ज्यांना करावयाचे आहे त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे.

प्रथम ही झाक कोठून येते ते पाहू. पडद्यावरचा प्रकाश सर्व दिशांना पसरतो. पडदा वर्तुळाकार आहे व त्याच्या मध्याकडे तोंड करून एक लहानसा पृष्ठभाग ठेविला आहे असे मानले, तर त्या पृष्ठभागाच्या समोरील अवकाशापैकी पडद्याच्या वाट्यास येणारा अंश एका साध्या सूत्राने मिळतो : पडद्याच्या त्रिज्येचा वर्ग, भागिले त्रिज्येचा वर्ग अधिक अंतराचा वर्ग. त्रिज्या दीड मीटर असेल, तर अर्ध्या मीटरवर हा अंश ०.९० येतो, एक मीटरवर ०.६९, आणि तीन मीटरवर ०.२०. लहान खोलीत पडद्यास पाठ लावून उभ्या राहिलेल्या माणसाची अवस्था यावरून कळून येईल. त्याची पाठ कॅमेऱ्यास दिसत नाही हे खरे. परंतु त्याच्या अंगाच्या कडा दिसतात, आणि कडांना पडदा तिरकस का होईना, समोर असतो.

आता सारसाकडे पुन्हा वळू. धानाची बांधी हा जमिनीवर अंथरलेला पडदा आहे. त्याला टोकच नसल्यामुळे खाली तोंड असलेल्या पृष्ठभागासमोर, पक्ष्याची स्वतःची सावली सोडली, तर धानाखेरीज काहीच नसते. आणि उभ्या पृष्ठभागासमोर निम्मे धान व निम्मे आकाश असते. पानातील हरितद्रव्य लाल व निळा प्रकाश शोषून घेते, हिरवा त्या मानाने अधिक परत पाठविते. तथापि हिरव्या पट्ट्यातही पानाचे परावर्तन दहा टक्क्यांच्या आसपासच असते. त्यामुळे शेतातील झाक सौम्य राहते व आपल्या डोळ्यास ती जाणवत नाही. चित्रणगृहातील कापड मुद्दाम अधिक उजळ व अधिक शुद्ध हिरवे केलेले असते. शिवाय नट नखशिखांत दाखवावयाचा असेल, तर तेच कापड पायाखालीही पसरतात. मग तो बांधीत उभ्या असलेल्या सारसासारखाच दोन्ही बाजूंनी हिरव्यात सापडतो, आणि त्याची हनुवटी, तळहात व पोटऱ्या हिरव्या होतात. पूर्णाकृती दृश्यांतील झाक काढणे हे केवळ वरच्या अर्ध्या अंगाच्या दृश्यांपेक्षा कितीतरी कठीण असते, त्याचे कारण हेच.

झाकेचे दोन प्रकार आहेत व त्यांची गल्लत करू नये. पहिला प्रकार विसरित परावर्तनाचा : हिरवा प्रकाश त्वचेत किंवा कापडात किंचित शिरून, त्या पदार्थाचा रंग घेऊन बाहेर पडतो. येथे झाक पृष्ठभागाच्या स्वतःच्या परावर्तनाच्या प्रमाणात असते. दुसरा प्रकार चकाकीचा. प्रकाश पृष्ठभागावर फार तिरकस पडला, की काचेसारखाच तो त्वचेवरूनही परततो. आणि तसा परतताना तो त्वचेचा रंग घेत नाही. अंगाच्या कडांवर हाच प्रकार बळावतो. ही चकाकी पृष्ठभाग काळा असो वा गोरा, तेवढीच असते. आता समजा, चकाकीने हिरव्या मूल्यात ०.०५ ची भर पडली. मूळ हिरवे मूल्य ०.४५ असलेल्या उजळ त्वचेत ही वाढ ११ टक्के होते, ०.१८ असलेल्या सावळ्या त्वचेत ती २८ टक्के होते. खोबरेल लावून चापून बसविलेल्या काळ्याभोर केसांत तर मूळ मूल्य इतके अल्प असते, की जे दिसते ते बव्हंशी पडद्याचेच प्रतिबिंब. उजळ त्वचेवरून ठरविलेले झाक काढण्याचे प्रमाण आपल्याकडील चेहऱ्यांस जसेच्या तसे लावू नये असे जे येथे सुचवावयाचे आहे, ते अभिमानापोटी नव्हे. या साध्या भागाकाराच्या आधारे.

याखेरीज एक तिसरी गोष्ट झाकेत धरली जाते, पण ती झाक नव्हेच. विस्कटलेला केस किंवा विरळ पदर यांतून मागील पडदा आरपार दिसतो. तेथील पिक्सेलमध्ये काही अंश केसाचा व उरलेला पडद्याचा असतो. ही अर्धपारदर्शकता होय. तिचा हिशेब मॅटने, म्हणजे कोणत्या पिक्सेलमध्ये नट किती व पडदा किती हे सांगणाऱ्या करड्या चित्राने, केला पाहिजे. पडद्याचा अंश वजा करण्यासाठी नटाशिवाय घेतलेले रिकाम्या पडद्याचे चित्र हाताशी असले तर हे काम पुष्कळ नेमके होते. नवशिके मॅटमधील चूक झाक काढणाऱ्या साधनाने झाकू पाहतात, आणि केसांच्या टोकांचा जांभळट राखाडी गुंता करून बसतात.

या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण आजचे नियम त्यातूनच आलेले आहेत. दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) व ‘कालिया मर्दन’ (१९१९) या मूकपटांच्या काळी चमत्कारदृश्यांचा एक मुख्य मार्ग म्हणजे एकाच फिल्मवर एकाहून अधिक वेळा प्रकाशन करणे. त्यासाठी मागे काळा पडदा लागे. काळा पडदा प्रकाश परत पाठवीत नाही, म्हणून झाकही देत नाही; त्याची अडचण निराळी, ती अशी की काळे केस व काळी वस्त्रे त्यात बुडून जातात. फ्रँक विल्यम्स यांनी १९१८ मध्ये ज्या फिरत्या मॅटचे पेटंट मिळविले, तीही काळ्या पार्श्वभूमीवरच आधारलेली होती. फाळके स्वतः तीनरंगी छपाईचे जाणकार होते. एका चित्राचे तीन रंगांत विभाजन करून पुन्हा ते एकत्र छापणे हा त्यांचा चित्रपटापूर्वीचा व्यवसाय. पुढे रंगीत चित्रपटात पडद्याचा प्रश्न सुटला तो याच त्रिरंगी विभाजनामुळे, हा योगायोग मोठा मनोज्ञ आहे.

‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९४०) या चित्रपटासाठी लॅरी बटलर यांनी रंगीत फिल्मवर निळ्या पडद्याचा उपयोग केला. पेट्रो व्लाहोस यांनी ‘बेन-हर’ (१९५९) साठी सिद्ध केलेली रंगभेद पद्धती मात्र तात्त्विक दृष्ट्या अधिक महत्त्वाची. त्यांची युक्ती सांगावयास सोपी आहे : ज्या ठिकाणी निळे मूल्य हिरव्याहून अधिक असेल, त्या ठिकाणी निळ्याच्या जागी हिरवेच मूल्य घ्यावे, अन्यत्र निळ्यास हात लावू नये. त्वचेत निळे मूल्य हिरव्याहून नेहमीच कमी असते, त्यामुळे त्वचेस इजा होत नाही. पांढऱ्या व करड्या रंगांत दोन्ही समान असतात, त्यामुळे तेही सुरक्षित राहतात. पडद्याची निळी झाक मात्र छाटली जाते. गडद निळी किंवा जांभळी वस्त्रे या पद्धतीत खरी उतरत नाहीत, ही किंमत त्यांनी जाणूनबुजून मोजली. आज संगणकात हिरव्या पडद्यासाठी जे नियम लिहिले जातात, ते सर्व या एका वाक्याची रूपांतरे आहेत. इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांबरोबर निळ्याच्या जागी हिरवा आला, त्यास कारणेही आहेत : कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी योजिलेल्या व १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या गाळणीत निम्मे बिंदू हिरव्याचे असतात, यामुळे हिरव्या प्रतिमेत तपशील अधिक व कणीदारपणा कमी, आणि हिरव्या कापडास प्रकाशही कमी लागतो. पण एक गोष्ट या अदलाबदलीत हरवली. निळ्या पडद्याच्या वेळी जे गृहीत त्वचेस इतके नेमके जुळत होते, त्याच्याइतके जुळणारे गृहीत हिरव्यासाठी उपलब्ध नाही. त्वचेत हिरवे मूल्य मधले असते. लालाहून कमी, निळ्याहून अधिक. मग त्यास मर्यादा कोणाची घालावयाची, लालाची की निळ्याची?

येथे आकडे घेऊन चालणे बरे. समजा, एका सावळ्या चेहऱ्याची खरी मूल्ये अशी आहेत : लाल ०.३०, हिरवे ०.१८, निळे ०.११. गालाच्या कडेस पडद्याची चकाकी मिसळून ती ०.३१, ०.२८, ०.१३ झाली. (ही मूल्ये प्रकाशाच्या प्रमाणातील आहेत. संगणकात साठविलेली मूल्ये सामान्यतः वक्र मापनावर असतात. ती आधी सरळ प्रमाणात आणल्याखेरीज बेरीज-वजाबाकीस काही अर्थ राहत नाही.)

पहिला नियम : हिरवे मूल्य लाल व निळ्या यांपैकी जे मोठे असेल त्याहून अधिक नसावे. येथे मोठे मूल्य ०.३१, हिरवे ०.२८. नियमास छाटण्यासारखे काहीच सापडत नाही, आणि गाल पिवळट हिरवा तसाच राहतो. दुसरा नियम : हिरवे मूल्य लाल व निळ्या यांच्या सरासरीहून अधिक नसावे. सरासरी ०.२२, म्हणजे हिरवे ०.२८ वरून ०.२२ वर येते. खरे मूल्य ०.१८ होते, तेव्हा थोडी झाक उरली, पण पुष्कळ गेली. तिसरा नियम : हिरवे निळ्याहून अधिक नसावे. आता हिरवे ०.१३ वर येते, खऱ्याच्याही खाली, आणि गाल भाजल्यासारखा लाल दिसू लागतो.

या तिन्ही नियमांना एकाच सूत्रात गोवता येते. मर्यादा म्हणून लालाचा काही भाग व निळ्याचा उरलेला भाग घ्यावा, असे की दोन भागांची बेरीज एक व्हावी. बेरीज एक ठेवण्यात मर्म आहे : तसे केले म्हणजे करड्या व पांढऱ्या रंगांची मर्यादा त्यांच्या स्वतःच्या मूल्याइतकीच येते, आणि धोतर-सदरा रंगहीनच राहतो. लालाचा भाग किती घ्यावा हे मात्र साधनाच्या पूर्वनियोजित आकड्यावर सोडू नये. ते नटाच्या चेहऱ्यासच विचारावे. कपाळाचा मध्य पडद्यापासून दूर वळलेला असतो व समोरच्या दिव्याने उजळलेला असतो, तेथे झाक जवळजवळ नसते. तेथील मूल्ये आपल्या उदाहरणाप्रमाणे ०.३०, ०.१८, ०.११ असतील, तर ०.११ मध्ये ०.१९ चा कितवा भाग मिळविला म्हणजे ०.१८ होतात, एवढे काढावयाचे. उत्तर ०.३७. हाच भाग गालाच्या कडेस लावला, तर मर्यादा ०.१३ अधिक ०.१८ चे ०.३७ पट, म्हणजे सुमारे ०.२० येते. कपाळ जसेच्या तसे राहिले आणि गाल खऱ्या रंगाच्या अगदी निकट आला. एका माणसासाठी काढलेला आकडा दुसऱ्यास लावू नये, आणि एकाच दृश्यात तो चौकटीगणिक बदलूही नये. बदलल्यास चेहऱ्याचा रंग लुकलुकतो.

येथपर्यंत सर्व ठीक आहे. आता त्याच चेहऱ्यास हळद लावू. समजा, हळदीची मूल्ये लाल ०.७०, हिरवे ०.४५, निळे ०.०५ अशी आहेत, आणि झाक मुळीच नाही. पहिला नियम हळदीस स्पर्श करीत नाही. सरासरीचा नियम हिरवे ०.३८ वर आणतो व हळद नारिंगीकडे झुकते. त्वचेच्या मापाने इतक्या काळजीने बेतलेला ०.३७ चा नियम तर हिरवे ०.२९ वर आणतो, आणि हळद हळद राहत नाही, गेरू होते. निळ्याच्या मर्यादेचा तिसरा नियम लावल्यास नवरीच्या अंगावर कुंकू फासल्याचा भास होईल. म्हणजे जो नियम चेहऱ्यास सर्वांत न्याय्य, तोच चेहऱ्यावरील हळदीस अन्यायकारक. आणि हळदीस निरुपद्रवी असा जो नियम, तो चेहऱ्यावरची झाक काढण्यास असमर्थ. दोन्ही एकाच चेहऱ्यावर, बोटभर अंतरावर आहेत. येथे एका सूत्राने काम होत नाही. हळदीचा भाग वेगळ्या मॅटने राखून त्यास वेगळा नियम लावावा लागतो, आणि त्यास मनुष्याची नजर व वेळ लागतो.

हिरव्या चुड्याची गोष्ट याहूनही सरळ आहे. काचेच्या हिरव्या बांगडीची मूल्ये ०.०३, ०.२५, ०.०६ धरली, तर सरासरीचा नियम हिरवे सुमारे ०.०५ वर आणतो व बांगडी काळपट पडते. इतर नियमांचाही परिणाम जवळजवळ तोच. किंबहुना त्याआधीच मॅटने तिला पडदा समजून भोक पाडलेले असते आणि सौभाग्यवतीच्या मनगटातून मागचे डोंगर दिसू लागतात. गणित येथे चुकलेले नसते. ‘नटाच्या अंगावर हिरवे काही नाही’ हे गृहीत चुकलेले असते. अशा प्रसंगी निळा पडदा घ्यावा. हळदीचे निळे मूल्य ०.०५, बांगडीचे ०.०६, त्वचेचे ०.११, तिन्ही आपापल्या हिरव्या मूल्यांहून कमी, म्हणून व्लाहोस यांचा मूळ नियम त्यांपैकी कशासही इजा करीत नाही. निळा पडदाही सर्वस्वी निर्दोष नाही. सावळ्या त्वचेत निळे मूल्य मुळात ०.११, आणि नियम त्यास हिरव्याच्या ०.१८ पर्यंत वाढू देतो. त्यामुळे कडांवर थोडी निळसर राखाडी छटा टिकते. पण ती छटा सायंकाळच्या सावलीसारखी दिसते व डोळ्यास फारशी खुपत नाही. पैठणीचा मोरपंखी पदर समोर आला, तर मात्र हिरवा व निळा दोन्ही पडदे अडचणीचे; तेथे करड्या भिंतीपुढे चित्रण करून आकृती हाताने कोरून काढणे हाच प्रामाणिक मार्ग.

हा प्रश्न केवळ लग्नसोहळ्यांपुरता नाही. धानाची कापणी-मळणी आटोपली, की गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. दंडार व खडीगंमत यांची परंपराही याच प्रदेशातील. या प्रयोगांत मागे रंगविलेला पडदा असतोच. परंतु तो पडदा व नट एकाच दिव्यांच्या उजेडात असतात. पडद्यावरच्या अरण्याचा हिरवा नटाच्या खांद्यावर उतरला, तर तो त्या प्रयोगाचाच भाग होय, आणि त्याविषयी कोणी तक्रार करीत नाही. अशा कलाप्रकारांचे दस्तऐवजीकरण करताना कलावंतास गावच्या मंचावरून उचलून हिरव्या पडद्यासमोर उभे करण्याचा मोह सोयीपोटी होणे शक्य आहे. तसे केल्यास त्याच्या वेषाचे रंग वरील गृहीतांच्या हाती जातात. पुढील पिढीतील अभ्यासकास त्या चित्रफितीत पागोटे नारिंगी दिसले, तर ते मुळात पिवळे होते हे त्याला कोण सांगणार?

आता झाक काढल्यानंतरचे. हिरवे मूल्य कमी केले म्हणजे रंगाबरोबर उजेडही कमी होतो, आणि तो बराच कमी होतो, कारण बीटी.७०९ या प्रचलित आंतरराष्ट्रीय मानकानुसार दीप्तीतील लालाचा वाटा ०.२१, हिरव्याचा ०.७२ व निळ्याचा ०.०७ आहे. आपल्या उदाहरणातील गाल ०.२८ वरून ०.२० वर आणताना त्याची दीप्ती सुमारे एकपंचमांशाने घटते. संपूर्ण आकृतीभोवती ही घट झाली, की कडांना एक बारीक काळसर रेघ येते. कात्रीने कापून चिकटविलेल्या चित्राचा जो भास होतो, तो पुष्कळदा या रेघेमुळे. सामान्य साधने गेलेली दीप्ती करड्या रंगाने भरून काढतात. हे अर्धेच उत्तर झाले. तो माणूस खरोखरच नव्या स्थळी उभा असता, तर पडद्याच्या जागी जे असते त्याचा प्रकाश त्याच्या कडांवर पडला असता. वाळूचा पिवळसर, समुद्राचा निळसर, कौलांचा तांबूस.

आणि येथे झाकच उपयोगी पडते. प्रत्येक पिक्सेलमधून आपण किती हिरवे काढले, त्याचे एक स्वतंत्र चित्र सहज तयार करता येते. हे चित्र म्हणजे मागील बाजूने येणारा प्रकाश नटाच्या अंगावर कोठे व किती पोहोचत होता, त्याचा नकाशाच होय. तो कॅमेऱ्याने प्रत्यक्ष मोजून दिलेला आहे, कल्पनेने काढलेला नाही. नव्या पार्श्वभूमीचे चित्र पुष्कळ अस्पष्ट करून त्याचा सरासरी रंग घ्यावा, त्यास या नकाशाने गुणावे, आणि गुणाकार नटाच्या चित्रात मिळवावा. पडद्याची दीप्ती व नव्या दृश्याची दीप्ती सारखी नसते, म्हणून या गुणाकारास एक प्रमाण लावावे लागते. ते डोळ्याने ठरवावे. नवे दृश्य जर गोंदियाच्या धानाच्या बांध्यांचेच असेल, तर एक गमतीचा प्रसंग उद्भवतो : एक हिरवा काढून त्याच जागी दुसरा हिरवा घालावयाचा. पण ते व्यर्थ नव्हे. कापडाचा हिरवा थंड व शुद्ध असतो. धानाच्या पानात लालाचा अंश अधिक, आणि लोंबी भरू लागली म्हणजे तो आणखी वाढतो. उलट बांधीतून कापून घेतलेला सारस कोरड्या तळ्याच्या पात्रात दाखवावयाचा असेल, तर त्याच्या पोटाखालची झाक काढून तेथे मातीचा तांबूस उजेड द्यावा लागेल. तीच झाक एका चित्रात दोष आणि दुसऱ्यात सत्य ठरते.

चित्रणगृहात घ्यावयाच्या खबरदारीविषयी फार सांगण्याची आवश्यकता नाही, कारण ती सर्व वरील सूत्रातून निघते. नट पडद्यापासून निदान तीन मीटर पुढे असावा. चौकटीत न येणारा हिरवा भाग काळ्या कापडाने झाकावा. निम्म्याहून अधिक पडदा बहुधा निष्कारण उघडा असतो. पाय दिसावयाचे नसतील, तर जमिनीवर हिरवे पसरू नये. पडदा नटाच्या चेहऱ्याइतका उजळण्याचे कारण नाही. तो एकसारखा उजळलेला असणे अधिक महत्त्वाचे. चेहऱ्यास पावडर लावल्याने चकाकीची झाक लक्षणीय कमी होते, ही गोष्ट रंगभूषाकारास आपल्या समीकरणांआधीपासून ठाऊक आहे. खोली लहान असेल आणि यांपैकी काहीच शक्य नसेल, तर पडद्याचा नाद सोडून खऱ्या भिंतीसमोर चित्रण करावे हे उत्तम.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगावयाची. प्रत्येक चित्रणाच्या आरंभी नटाच्या हाती करडे मापनपत्र देऊन ते चेहऱ्याजवळ, खांद्याच्या कडेस व हनुवटीखाली असे तीन ठिकाणी क्षणभर धरावयास सांगावे. तसेच रिकाम्या पडद्याचेही काही सेकंद चित्रण करून ठेवावे. करड्या पत्रावर जे हिरवे अधिक नोंदले जाईल, ते निःसंशय पडद्याचे. सारसाच्या पिसांनी जे काम आपोआप केले, ते येथे हे पत्र करते. मूळ चित्रण, ही मापने आणि कोणत्या भागास कोणता नियम लावला याची टिपणे संमिश्रित चित्रफितीबरोबर जतन केली, म्हणजे आज काढलेल्या झाकेत एखाद्याच्या हळदीचा अंश गेला असल्यास तो पुढे कोणासही शोधून परत आणता येईल.